प्रतिजैविक की जंतुनाशक, आणि 'मायसिन'मध्ये शिरलेली बुरशी

प्रश्न आलाय की मातीतल्या सूक्ष्मजीवांनी कंद सडवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखली तर तिला 'जंतुनाशक क्रिया' म्हणावं की 'प्रतिजैविक क्रिया'.

प्रतिजैविक. एका शब्दात उत्तर संपलं असतं, पण हल्ली मोरचुदाच्या फवाऱ्यालाही लोक बिनधास्त अँटिबायोटिक म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मोरचूद जंतू मारतो, कबूल, पण तो कुठल्या जिवाने बनवलेला नसतो. एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला आणि दुसऱ्याला रोखणारा पदार्थ, ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वॅक्समनची अँटिबायोटिकची, म्हणजे प्रतिजैविकाची, व्याख्या, १९४० च्या दशकातली. आता प्रयोगशाळेत घडवलेली औषधंही त्यात मोजतात, ते सोडा.

वर काही पंडित सांगतात की 'प्रतिजैविक' म्हणजे जीवनाच्या विरुद्ध, सबब शब्दच चुकीचा. अहो, ज्यावरून हा शब्द आला तो मूळ फ्रेंच शब्द व्ह्युइयमँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये वापरला तो सहजीवनाच्या उलट अर्थाने, म्हणजे एक जीव दुसऱ्या जिवाच्या मुळावर उठतो तो संबंध! सहजीवन चालतं आणि प्रतिजैविकाने पोटात दुखतं, हे काही पटत नाही.

पण खरी गंमत या औषधांच्या नावांमागे लागणाऱ्या 'मायसिन'मध्ये आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक ज्यापासून मिळालं तो स्ट्रेप्टोमायसिस मातीतलाच. स्ट्रेप्टोस म्हणजे पिळलेला आणि म्यूकेस म्हणजे बुरशी, दोन्ही ग्रीक. आता हा प्राणी बुरशी नाहीच, जिवाणू आहे, पण धाग्याधाग्यांनी वाढतो म्हणून जुन्या लोकांनी त्याला बुरशीत ढकललं आणि नावात ते कायमचं राहिलं. जेंटामायसिनचं रोमन स्पेलिंग बघा, तिथे वायच्या जागी आय आहे, कारण ते प्रतिजैविक मायक्रोमोनोस्पोरा नावाच्या वेगळ्या जिवाणूपासून मिळतं, स्ट्रेप्टोमायसिसपासून नाही. आपल्या नागरीत दोन्ही मायसिन, फरक गायब.

बरं, हे म्यूकेस आलं कुठून? शेंबडाला जो लॅटिन शब्द आहे, म्यूकस, त्याचं हे भावंड मानतात, मूळ अर्थ बुळबुळीत, निसटणारं. आणि संस्कृत मुच् धातूही त्याच घरातला असं काही भाषाशास्त्रज्ञ मांडतात. मुच् वरून मुक्त, मोक्ष आणि आपलं मोकळा. म्हणजे मायसिन आणि मोकळा लांबचे भाऊ! सगळे कोशकार हे मानत नाहीत, न मानोत, त्यांनी एकदा सडलेला बटाटा दाबून बघावा. मऊ कूज आणणारा पेक्टोबॅक्टेरियम हा जिवाणू पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवतो, पेशी एकमेकींपासून मोकळ्या होतात, वरची साल शाबूत आणि आत नुसता बुळबुळीत लगदा. आता पेक्टिनचं मूळ ग्रीक, अर्थ गोठलेलं, घट्ट झालेलं, आणि त्या मुळाशी संस्कृत 'पाश'चं नातं लावतात. एकीकडे पाश, दुसरीकडे मोक्ष, तेही सडक्या बटाट्यात. मला तर हा योगायोग वाटतच नाही, कोणाला वाटत असेल तर वाटो.

हां, तर प्रश्न. 'नाशक' नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या थाळीत पेक्टोबॅक्टेरियमचा दुधट थर पसरलेला असतो, मधे स्ट्रेप्टोमायसिसची खडूच्या भुकटीसारखी वसाहत आणि तिच्याभोवती स्वच्छ कडं. त्या कड्यात वाढ झाली नाही एवढंच कळतं, जिवाणू मेले की नुसते अडले ते वेगळं तपासावं लागतं. म्हणून 'रोधक' चालेल, 'नाशक' पुराव्याशिवाय नाही. आणि थाळीतलं कडं बघून 'जमिनीतली कूज थांबली' असंही लिहू नका, स्ट्रेप्टोमायसिन चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतं, तिथे त्याचा जोर थाळीतल्यासारखा राहत नाही.