डिनर जॅकेटवर भिकबाळी शोभेल का?

प्रश्न : माझा मुलगा लंडनमध्ये नोकरी करतो. त्याला कंपनीच्या वार्षिक रात्रिभोजनाचे निमंत्रण आले असून त्यावर ‘ब्लॅक टाय’ अशी सूचना आहे. आजोबांची भिकबाळी आणि जरीकाठी उपरणे त्या दिवशी घालावे, शिवाय फेटाही बांधावा, अशी त्याची इच्छा आहे. काळ्या डिनर जॅकेटवर हे सारे शोभेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या मुलाची इच्छा मनापासून आवडली आणि ती पुरी व्हावी असेच मला वाटते. मात्र या तीन वस्तूंचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

‘ब्लॅक टाय’ पोशाखाची सारी शोभा छातीवरच्या मोकळ्या जागेत असते. काळा किंवा गर्द निळा कोट, त्याच्या लॅपलवर चमकदार रेशीम, आत पांढरा शर्ट आणि गळ्याशी काळा बो, एवढ्यावरच तो उभा असतो. त्यावरून उपरणे घेतले की लॅपल झाकतात, बो अर्धवट दिसतो आणि उपरण्याचा काठही नीट उठून दिसत नाही. भिकबाळीचे तसे नाही. उजव्या कानाच्या वरच्या भागात बसणारी, सोन्याच्या तारेत मोती आणि मधोमध लाल किंवा हिरवा खडा ओवलेली ही लहानशी वस्तू काळ्या-पांढऱ्या पोशाखात फार देखणी दिसते. ती अवश्य घालावी. कान टोचलेला नसल्यास चापाची भिकबाळी मिळते. पण आजोबांचीच घालायची असेल, तर आधी सोनाराकडून तिची तार तपासून घ्यावी. अत्तर लावायचे असल्यास ते भिकबाळी घालण्यापूर्वी लावावे, कारण अत्तराने मोत्यांचे पाणी उतरते.

आणखी एक गोष्ट सुचवतो. डिनर जॅकेटखाली बांधतात तो कमरबंद मूळचा आपल्याकडचाच आहे. येथील उकाड्यात वेस्टकोट नकोसा झालेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी तो १९व्या शतकात उचलला. तेव्हा पोशाखावर वेगळे काही चढवण्यापेक्षा त्यात आधीपासून असलेली ही जागा आपल्या कापडाने भरावी, हे मला अधिक योग्य वाटते. गर्द रंगाच्या, बारीक नक्षीच्या हिमरूचा कमरबंद उत्तम दिसेल. शिवताना चुण्यांची तोंडे वरच्या बाजूस ठेवायला सांगावे. यासाठी घरातली धडकी पैठणी मात्र कृपया कापू नये.

उपरणे घ्यायचेच असेल, तर डिनर जॅकेट सोडून काळा बंदगळा निवडावा. त्याची छाती गळ्यापर्यंत बंद आणि साधी असल्यामुळे उपरण्याला तेथे हक्काची जागा मिळते. नामदार गोखले यांच्या छायाचित्रांत कोटावरचे उपरणे किती भारदस्त दिसते, ते मुलाला जरूर दाखवावे. परदेशातील औपचारिक समारंभांत राष्ट्रीय पोशाख बहुधा मान्य असतो. नोबेल सोहळ्याचा संकेत ‘ब्लॅक टाय’हूनही कडक आहे, तरी २०१९ साली स्टॉकहोममध्ये अभिजित बॅनर्जी यांनी बंदगळा आणि धोतर या वेषात पारितोषिक स्वीकारले. तरीही यजमानांना आधी विचारून घेणे हे सौजन्याचे ठरेल. उपरणे चार बोटे रुंदीची घडी घालून एकाच खांद्यावर घ्यावे आणि आतून एका टाक्याने अडकवावे, म्हणजे जेवताना ते सावरत बसावे लागणार नाही.

फेट्याबाबत माझे मत थोडे कठोर आहे. शीख गृहस्थाची पगडी हा त्याच्या धर्माचरणाचा भाग असल्याने ती कोणत्याही पोशाखाबरोबर असतेच. आपला फेटा मात्र आपण लग्नात, मिरवणुकीत, सत्काराच्या वेळी, म्हणजे सर्वांनी मिळून साजऱ्या केलेल्या प्रसंगी बांधतो. कंपनीच्या भोजनाला एकट्यानेच तुरा काढून बसल्यास तो त्या रात्रीचा उत्सवमूर्ती असल्यासारखे वाटेल आणि मागच्या टेबलावरील पाहुण्यांना भाषणे ऐकताना व्यासपीठही दिसणार नाही. शिवाय फेटा ही टोपी नव्हे. एकदा बांधला की घरी परतेपर्यंत तो उतरवू नये, आणि सैल झाल्यास तेथे पुन्हा बांधून देणारे कोणी मिळेलच असे नाही. म्हणून या वेळी तो नको.

कोल्हापुरी चपलांविषयी आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न निघेलच. पाटलोणीखाली दोन्ही पोशाखांबरोबर चकाकते काळे बूट घालावेत. कोल्हापुरी धोतरावर किंवा चुडीदारावरच खुलते.