"माझं काम बोलतं की ताई, मग मी कशाला बोलू?"

मी समुपदेशक. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी इतरांशी बोलावं का, असा विषय निघाला की हे वाक्य माझ्यासमोरच्या खुर्चीतून इतक्यांदा आलंय, की हल्ली पुढचंही मला पाठ आहे. "बोललं तर लोकांना वाटणार, ही धर्मांतर करायला निघाली. नाही बोललं तर मन खातं." म्हणणारे कधी शिक्षक असतात, कधी बँकेतले. रविवारी उपासनेला नेमाने जाणारी, चांगली माणसं.

यातली एक सरकारी दवाखान्यातली सिस्टर. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. पहिल्या दोन भेटी झोप न लागण्याबद्दलच झाल्या. मीही घाई केली नाही. ऐकणं हेच अर्धं औषध, असं मानणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या पठडीतली मी, आणि बावीस वर्षांत गप्प कुठे बसायचं एवढं तरी जमायला लागलंय.

तिसऱ्या भेटीत गाठ सापडली. वॉर्डातल्या मावशींचा तरणा मुलगा अपघातात गेला होता. महिन्याभराने त्या कामावर आल्या आणि चहाच्या वेळी सिस्टरना म्हणाल्या, "तुमचे साहेब गेले तेव्हा तुम्ही कशा उभ्या राहिलात हो?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, काळ हेच औषध. आणि राउंडला निघून गेले."

"का?"

"ड्यूटीवर देवाचं कशाला? मावशींना मी सुट्ट्या बदलून देते, डबा देते. त्यातून कळतंच की. आमचे चर्चचे पाळकही सांगतात, सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. संत फ्रान्सिसचं आहे ते."

खरं तर असिसीच्या फ्रान्सिसच्या लिखाणात हे वाक्य सापडत नाही. कृतीने उपदेश करा असं त्याने आपल्या संघातल्या बंधूंना जरूर सांगितलं, पण तो स्वतः गावोगाव बोलत फिरला आणि 1219 मध्ये धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तच्या सुलतानाला भेटायला गेला. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. वाद जिंकून तिला झोप लागणार नव्हती.

मी एवढंच विचारलं, "मावशींना तुमच्या वागण्यातून नेमकं काय कळलं?"

"की सिस्टर खंबीर आहेत. सगळ्या वॉर्डभर सांगतात त्या."

"आणि होतात तुम्ही खंबीर?"

बराच वेळ ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "नाही हो ताई. रात्री भांडी झाली की ओट्याखाली फरशीवर बसायचे आणि बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायचे. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.' पुढचं सुचायचंच नाही, तेवढंच पुन्हा पुन्हा. सकाळी उठता यायचं."

आणि एकदम रडायला लागली. "म्हणजे श्रेय मी घेतलं. देवाचं होतं ते."

ही उकल माझी नाही, तिची. पण मलाही तेव्हाच लख्ख दिसलं, की कृती बोलते हे खरं, फक्त कुणाबद्दल बोलते ते तिला सांगता येत नाही. शब्द नसले तर साक्ष आपल्याच चांगुलपणाची होते. सिस्टरची झोप उडाली होती ती आतलं आणि बाहेरचं जुळेना म्हणून.

आता भीतीचं. ती खोटी नाही. संविधानाच्या कलम 25 ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा, प्रसार करण्याचा हक्क दिलाय. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की त्यात आपली तत्त्वं समजावून सांगणं येतं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. मला ही रेघ समुपदेशक म्हणूनही पटते. म्हणून सिस्टरला मी बजावलं, खाटेवरच्या रुग्णाशी हे बोलायचं नाही. तो उठून जाऊ शकत नाही. डब्याच्या, सुट्टीच्या बदल्यात तर नाहीच. विचारलं तर, आणि विचारलं तेवढंच. 'तुम्ही असं करा' नको, 'माझं असं झालं' म्हणा. आणि तारण, अभिषेक, नवा जन्म हे आपले चर्चमधले शब्द घरी ठेवा. मावशींना ओटा कळतो.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. सौजन्याने वागला, संस्कृत काव्यावर बोलला, मग येशूविषयी बोलला आणि बायबलचा नवा करार हातात ठेवला. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये, स्वतः वाचून, झगडून. नुसता सज्जन सहप्रवासी म्हणून तो उतरून गेला असता तर? असो, मी इतिहासात शिरले की थांबत नाही.

पाचव्या भेटीला सिस्टर आली ती जरा खट्टू होऊनच.

"बोलले मावशींशी. म्हटलं, त्या दिवशी खोटं सांगितलं मी. ओट्याचं सांगितलं."

"मग?"

"त्यांनी ते स्तोत्र म्हणायला लावलं. म्हटलं. तर म्हणाल्या, 'मीपण विठोबाला अशीच हाक मारते, पण पोरगा गेल्यापासून तोंडातून निघत नाही.' आणि कप उचलून गेल्या. एवढंच झालं ताई."

"तुम्हाला झोप लागली?"

"त्या रात्री? हो." मग थोडं थांबून, "काल मावशीच म्हणाल्या, परत म्हणा ना ते मेंढपाळाचं."