अणुभट्टीतले पाणी आणि प्राध्यापकी

सौ. ताई, सप्रेम नमस्कार.

इंदूरहून आपले पत्र पोहोचले. आपली कन्या मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असून तिला अणुभट्टीच्या थर्मल हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे भट्टीतली उष्णता पाण्याने कशी वाहून न्यावी या शास्त्रात, संशोधन करून प्राध्यापक व्हायचे आहे. आपल्याला मात्र किरणोत्साराची धास्ती वाटते, आणि तिने गावातल्याच राजा रामण्णा या संशोधन केंद्रात रुजू व्हावे, अशी आपली इच्छा आहे.

या विषयातले बहुतेक प्रयोग अणुइंधनाविनाच होतात. इंधनकांड्यांच्या जागी विजेने तापवलेल्या कांड्या बसवून त्यांच्याभोवती पाणी खेळवतात आणि ते कुठे, कसे उकळते हे मोजतात. खूप तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले, की थेंब चटकन आटण्याऐवजी नाचत राहतात, कारण त्यांच्याखाली वाफेचा पातळ थर धरलेला असतो. तसाच थर इंधनकांडीवर धरला, तर भोवती पाणी असूनही कांडी झपाट्याने तापते; ती वेळ कधी येईल हे आधी ओळखणे, हा या शास्त्राचा गाभा आहे. भट्टी बंद केल्याक्षणीही पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता निघत असते आणि ती हळूहळूच ओसरते. २०११ साली जपानमधल्या फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज तुटली आणि त्सुनामीने आपत्कालीन वीजही बंद पाडली, ही उष्णता काढता आली नाही आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. अशा विषयाची ओढ मुलीला वाटते, याचे मला फार अप्रूप आहे.

राजा रामण्णा केंद्र अणुऊर्जा विभागाचेच असले, तरी त्याचे मुख्य काम लेसर आणि कणत्वरकांचे, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांचे आहे. अणुभट्टीसाठी मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र किंवा तमिळनाडूतले कल्पक्कमचे अणुसंशोधन केंद्र गाठावे लागते. घर सोडावे लागेल, याची तयारी आपण आजपासूनच ठेवावी.

भाभा केंद्रात पदवीनंतर निवड झाल्यास वर्षभराचे प्रशिक्षण आणि मग नोकरी मिळते. प्राध्यापकीची वाट लांब आहे: गेट ही प्रवेशपरीक्षा, एम.टेक., अनेक वर्षांची पीएच.डी., बहुधा त्यानंतरही संशोधनवृत्ती, आणि नेमणूक झाली तरी ती बहुतेक वेळा मेकॅनिकल विभागातच. म्हणून उष्णतावहन आणि द्रवयांत्रिकी हे विषय तिने आताच पक्के करावेत.

या उन्हाळ्यात तिने आपल्या सरांकडे उकळण्यावरचा एखादा छोटा प्रयोग मागावा. तापमापकांची मोजणी आठवडाभर जुळली नाही, तरी ती आपणहून पुन्हा प्रयोगशाळेत जाते का, हे पाहावे, आणि पुढचे पत्र तिनेच मला लिहावे.