पाहुणे गप्प झाले ती स्लाइड, आणि माझी १८ सप्टेंबर

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. चीनहून खरेदीदार आले, सादरीकरण छान चाललं होतं, मग कंपनीच्या इतिहासाची स्लाइड आली: शिडाचं जहाज आणि खाली ‘मुंबई ते कँटन, १८३०च्या दशकापासून चीनशी व्यापार’. त्यानंतर खोलीतलं बोलणं आटलं, जेवताना कुणी ग्लास उचलला नाही आणि तीन आठवडे मेलला उत्तर नाही. तुम्ही विचारलंय की इतक्या जुन्या गोष्टीचा राग खरा असतो की सरकारने शिकवलेला, आणि तेव्हा आपणही इंग्रजांच्याच ताब्यात होतो तर तो आपल्यावर का.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीतर्फे ईशान्य चीनमधल्या शेन्यांगला तीन वर्षं होतो, कामापुरती चिनी येते, बाकी वाचन हौसेचं. तेव्हा मी म्हणतो ते अनुभव म्हणून घ्या. पण तुमच्या त्या खोलीतली शांतता मी ओळखतो.

आधी स्लाइड. त्या काळात मुंबईहून कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, जाणाऱ्या मालात दोन गोष्टी मोठ्या होत्या: कापूस आणि माळव्याची अफू. चिनी माणसाला त्या जहाजात कापसाच्या गाठी दिसत नाहीत. बीजिंगच्या थ्येनआनमन चौकात हुतात्म्यांचं जे मोठं स्मारक आहे, त्याच्या पायथ्याशी आठ शिल्पपट आहेत. पहिला पट १८३९ सालचा. चिनी बादशहाचे अधिकारी लिन झशू यांनी जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या कँटनजवळच्या हूमनला नष्ट केल्या, तो प्रसंग. त्यांच्या पाठ्यपुस्तकातला आधुनिक इतिहास तिथूनच सुरू होतो. तुम्ही अभिमानाने दाखवलेलं दशक त्यांच्या लेखी ‘अपमानाच्या शतका’चा, म्हणजे परकीयांपुढे वाकावं लागलेल्या काळाचा, उंबरठा आहे.

आणि मुंबईचा धागा इथेच संपत नाही. अफूवरून इंग्रजांशी झालेलं युद्ध चीन हरला आणि २९ ऑगस्ट १८४२ला नानजिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर. हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं. त्या तहाने हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली, २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले. इंग्रजांच्या त्या फौजेत हिंदी पलटणी होत्या. १९०० साली परकीयांविरुद्धचा बॉक्सर उठाव मोडायला आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, तेव्हाही ब्रिटिशांच्या तुकडीत बहुतेक आपलेच शिपाई. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत दंडुका घेऊन उभा राहणारा शीख पोलीस तर तिथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. आपण गुलाम होतो हे शंभर टक्के खरं. पण त्यांच्या आठवणीत आपला माणूस इंग्रजांच्या गणवेशात उभा आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार जड गेलं होतं.

आता माझी चूक.

२०१५ साली आमच्या शेन्यांगच्या प्लँटमध्ये नवी लाइन सुरू करायची होती. पुण्याच्या हेड ऑफिसचं म्हणणं, गणपती बसले की लगेच मुहूर्त करा. त्या वर्षी गणेश चतुर्थी गुरुवारी, १७ सप्टेंबरला होती, म्हणून शुक्रवार १८ ठरला. वेळ मात्र मी ठरवली. चिनी आकड्यांच्या शुभाशुभाचं मला तेव्हा नवंनवं वेड लागलं होतं. नऊ म्हणजे ‘ज्यू’, एक म्हणजे ‘याओ’, आणि आठचा उच्चार ‘फा’च्या जवळ जातो. ओळीने म्हटलं की ‘ज्यू याओ फा’, आता भरभराट होणार! नवव्या महिन्याच्या अठराला, नऊ वाजून अठरा मिनिटांनी फीत कापायची. लाल कार्डांवर सोनेरी आकडे छापून घेतले. मशीन जपानी होतं, त्यांचे दोन इंजिनिअरही हजर राहणार होते.

१८ सप्टेंबर १९३१ला जपानी सैन्याने शेन्यांगजवळ आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, त्याचं खापर चिन्यांवर फोडलं आणि अख्खा मांचुरिया, म्हणजे ईशान्य चीन, गिळला. हे मी कुठेतरी वाचलं होतं, परीक्षेपुरतं. ज्या शहरात मी राहत होतो त्याच शहरातली ही गोष्ट, हे डोक्यातच आलं नाही.

कार्डं छापायच्या आधी कार्यक्रमाचा कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही. आपल्या व्यावसायिकांना तिथल्या स्थानिक बाबींत सल्ला देणं हेच त्या कार्यालयाचं काम. दोन तास बसवून ठेवलं. साहेबांनी पाहुण्यांच्या हुद्द्यांचा क्रम सुधारला, झेंड्याच्या आकारावरून दहा मिनिटं घेतली, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे तुमचं तुम्ही बघा.” नंतर मी फोन केला तेव्हा उत्तर काय, तर “हो, तो दिवस जरा नाजूकच असतो तिकडे.” माहीत होतं! एका वाक्याचं काम होतं. चुकीचा सल्ला दिला असता तर निदान भांडता आलं असतं. इतकी वर्षं झाली, पण त्या “तुमचं तुम्ही बघा”चा राग गेलेला नाही.

आमच्या एचआरमधल्या बाईंनी मात्र दोनदा सांगितलं होतं, “बू थाय फांगब्येन,” म्हणजे तितकंसं सोयीचं नाही. मला वाटलं हॉल मिळत नसेल. हे वाक्य लिहून ठेवा. ‘तितकंसं सोयीचं नाही’ म्हणजे ‘हे करू नका’.

त्या सकाळी जिल्ह्याचे अधिकारी आले नाहीत. फटाक्यांची लांब माळ दारात अंथरलेली होती. मी कात्री हातात घेतली आणि शहरभर भोंगे वाजू लागले. शेन्यांगमध्ये दर वर्षी त्या दिवशी हवाई हल्ल्याचे भोंगे वाजतात, बरोबर नऊ अठराला. बाहेरच्या रस्त्यावर गाड्या जागीच थांबून हॉर्न देत होत्या. आमचे सगळ्यात जुने शिफू, म्हणजे उस्ताद कारागीर, यांनी टोपी काढून हातात धरली. मागे सगळी लाइन उभी. जपानी इंजिनिअर खाली बघत होते. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून आवाज येत होता, “अरे कसला आवाज आहे, फायर अलार्म का?” आणि मला कॉल बंद करायचंही सुचत नव्हतं.

कुणी ओरडलं नाही, कुणी निषेध केला नाही. जिल्ह्याकडची परवान्याची फाइल मात्र चार महिने हलली नाही. एक स्थानिक गिऱ्हाईक परत फिरकलं नाही. वर्षभरात मला परत बोलावलं.

त्या रविवारी शिफू मला ‘१८ सप्टेंबर’ संग्रहालयात घेऊन गेले. बाहेर दगडाचं एक प्रचंड दिनदर्शिकेसारखं स्मारक आहे, दोन पानं उघडलेली, गोळ्यांच्या खळग्यांनी भरलेली. पानावर तारीख १९३१, १८ सप्टेंबर, वार शुक्रवार. माझा वारही शुक्रवारच. आवारात मोठी घंटा आहे, तिच्यावर ‘राष्ट्राचा अपमान विसरू नका’ ही अक्षरं. दर वर्षी त्या दिवशी तिचे चौदा ठोके देतात, युद्धाच्या चौदा वर्षांचे. शिफूंनी एवढंच विचारलं, “तुला कुणी सांगितलं नाही, की तू विचारलं नाहीस?” मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून, राग खरा की शिकवलेला? दोन्ही, आणि यातलं एकच धरून चालाल तर फसाल. सरकारचा हात उघड दिसतो. माओंच्या काळात भर विजयावर होता. १९७२ला जपानशी संबंध जुळवताना चीनने युद्धाची नुकसानभरपाई सोडून दिली होती. १९८९ला थ्येनआनमन चौकातलं आंदोलन चिरडलं, त्यानंतर सूर बदलला. १९९४ला देशभक्तीच्या शिक्षणाचा आराखडा आला, शाळांच्या सहली संग्रहालयांकडे वळल्या. २०१४ला १३ डिसेंबर हा जपानी सैन्याने केलेल्या नानजिंगच्या कत्तलीचा राष्ट्रीय स्मरणदिन ठरला. २०१७ला पाठ्यपुस्तकांत जपानविरुद्धचं युद्ध आठ वर्षांचं होतं ते चौदा वर्षांचं झालं, म्हणजे सुरुवात १९३७ वरून थेट १९३१ला, शेन्यांगला नेली. आणि १९५९-६१च्या दुष्काळासाठी किंवा १९८९साठी कुठलाही भोंगा वाजत नाही. पण शिफूंनी टोपी काढली ती परिपत्रक वाचून काढली नव्हती. घरातलं दुःख आधीचं आहे, सरकारने त्याला वेळापत्रक दिलं.

ते वेळापत्रक मोडलं तर मोठ्यांनाही सुटका नाही. २०२१ला सोनीने नव्या उत्पादनाच्या कार्यक्रमासाठी ७ जुलै रात्री दहाची वेळ जाहीर केली. १९३७ साली बीजिंगजवळ लूगोउ (मार्को पोलो) पुलावरच्या चकमकीने जपानशी युद्ध भडकलं ती हीच तारीख. माफी मागितली, कार्यक्रम रद्द केला, तरी १० लाख युआन दंड झाला. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते सोनेरी आकडे आले.

राजनयात हेच मोठ्या पडद्यावर दिसतं. १९८२ला ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई हाँगकाँगचं बोलायला गेल्या, तेव्हा चीनचे नेते डेंग श्याओपिंग यांनी सांगितलं की १९९७ला ते परत घेतलं नाही तर हे सरकार चिंग या शेवटच्या राजवटीच्या अखेरच्या सरकारसारखं ठरेल आणि आजचे नेते ली होंगचांगसारखे. तैवान जपानला देणाऱ्या १८९५च्या तहावर सही करणारे ते ली. १९०१च्या बॉक्सर करारावरही त्यांचीच सही आहे. त्याची खंडणी ४५ कोटी ताएल (जुनं चिनी वजन) चांदी, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येच्या हिशोबाने माणशी एक. मार्च २०२१मध्ये अलास्कात अमेरिकेच्या आणि चीनच्या प्रतिनिधींची सगळ्यांदेखत खडाजंगी झाली, त्या रात्री चिनी मोबाइलवर दोन फोटो शेजारीशेजारी फिरत होते, एक १९०१च्या कराराचा, एक ताजा. त्यांच्याकडेही आपल्या प्रभव-विभवसारखं साठ वर्षांचं चक्र असतं आणि दोन्ही वर्षांचं नाव एकच होतं, ‘शिनचौ’. तेव्हा वाकून सही केली, आता बघा, असा सरळ अर्थ.

त्यामुळे चिनी अधिकारी टेबलावरच्या मजकुराइतकंच दृश्यही जपतो: कोण कुणाकडे गेलं, कुणी मुदत घातली, फोटोत कोण वाकलेलं दिसेल. ज्या मुद्द्यावर तो खाजगीत सरकेल, त्याच मुद्द्यावर चारचौघांत मुदत दिली की अडून बसेल. हे माझं मत आहे, पण धंद्यातही मला असंच दिसलं.

सीमावादाचं थोडक्यात. मॅकमहोन रेषा १९१४च्या सिमल्याची. ती त्यांच्या लेखी इंग्रजांनी लादलेल्या करारांच्याच पिशवीतली. आपल्या लेखी १९६२ ही जखम. यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हाचं ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ माझे वडील डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. प्लँटमधल्या तरुण पोरांना १९६२ धड माहीतही नव्हतं. स्वतःच्या अपमानाची मिनिटं मोजणारा देश शेजाऱ्याच्या जखमेची तारीख विसरतो, आणि हे मला पटत नाही. शिफूंनाही एकदा बोलून दाखवलं होतं. ते ऐकून घेत राहिले, चहा ओतत राहिले.

आता तुमच्यापुरतं. लांबलचक माफीचा मेल पाठवू नका, लेखी माफी त्यांनाही वर दाखवावी लागते आणि पंचाईत होते. स्लाइड काढा, आणि ज्यांच्याशी घरोबा झालाय त्यांना तुमच्यातल्या वडीलधाऱ्या माणसाने फोन करावा. चित्र निवडताना त्याचा अर्थ आमच्या लक्षात आला नाही, एवढं एक वाक्य पुरे. ‘शुक्रवारपर्यंत कळवा’ हे शब्द तोंडून जाऊ देऊ नका.

नकाशा कुठेच वापरू नका. आपल्या कायद्याप्रमाणे छापलेला तिकडे चालत नाही, तिकडच्यासारखा छापला तर इकडे गुन्हा. २०१९ला छिंगदाओच्या कस्टम्सने सुमारे २९ हजार नकाशे नष्ट केले होते. शहरांची नावं लिहा, पुरतं.

काही जण तुम्हाला डॉ. कोटणीसांची स्लाइड घाला म्हणतील. सोलापूरचा हा माणूस १९३८ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेला आणि १९४२ला तिथेच वारला. श्रच्याच्वांगला त्यांची समाधी आहे, लोक अजून फुलं वाहतात. माझ्या मते त्यांना पडलेलं भोक बुजवायला वापरू नये. पाहुण्यांनी स्वतः विषय काढला तर मनापासून बोला.

शेवटी एक काम करा. तुमच्या संस्थापकांच्या जुन्या वह्या, हुंड्या, जहाजांच्या पावत्या घरी किंवा अभिलेखागारात असतील तर उघडा. त्या जहाजातून नुसता कापूस गेला होता की पेट्याही? फोन करण्याआधी ते तुम्हाला ठाऊक हवं, कारण समोरचा विचारेल. काय सापडतं ते इथे लिहा, मग फोनवर काय बोलायचं ते मिळून ठरवू.