1795 ते 1803 मधला एक अस्सल अमेरिकन चांदीचा डॉलर घ्यायचा आहे. बजेट दोन-अडीच हजार डॉलर. कोणतं वर्ष घ्यावं आणि खरं-खोटं कसं ओळखावं?

या रकमेत 1798, 1799 किंवा 1800चं, मध्यम झिजलेलं पण नीट जपलेलं नाणं शोधा. 1794चा विचार सोडा: त्या वर्षी टाकसाळीतून 1,758 नाणीच बाहेर पडली आणि त्यातलं एक 2013 मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेलं. 1804चं नाणं कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर ते खोटंच. अशी 16च नाणी माहीत आहेत आणि त्यातलं एकही 1804 मध्ये पाडलेलं नाही. पहिली आठ 1834च्या सुमारास, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांच्यासाठीच्या नजराण्यांच्या निमित्ताने पाडली गेली. 1799ची नोंद मात्र 4,23,515 नाण्यांची आहे, म्हणून तिथे घासाघीस करता येते.

नाणं सुटं असेल तर आधी वजन. मूळ वजन 26.96 ग्रॅम, चांदी 89.24 टक्के. झिजलेलं नाणं 26.6 ग्रॅम भरलं तरी चालेल. 24 भरलं तर पुढे बघायचीही गरज नाही. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पूर्ण बुडेल असं, तळाला न टेकवता सोडा. काट्यावर 2.6 ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. वजनाला या आकड्याने भागलं की घनता येते, ती 10.3च्या जवळ हवी. वजन बरोबर आणि घनता 9 आली, तर धातू दुसराच आहे.

त्यानंतर कड. तिच्यावर 'हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट' ही अक्षरं आणि मधे नक्षी असते. ही अक्षरं छाप मारण्याआधी, चकती दोन पट्ट्यांमधून फिरवून उठवत. प्रत्येक पट्टीवर अर्धा मजकूर असे, म्हणून जोडाच्या जागी अक्षरं एकमेकांवर चढलेली दिसली तर घाबरू नका. उभ्या रेघांची कड किंवा मधोमध ओतीव सांधा दिसला, तर नाणं परत करा.

नवखे लोक सर्वांत जास्त फसतात ते ओरखड्यांच्या बाबतीत. टाकसाळीत जड चकत्या कानशीने घासून वजनात आणत. त्या समांतर रेघा छाप मारल्यावरही उरत, विशेषतः काठाजवळ आणि नक्षीच्या उंच भागावर. त्या मूळच्या आहेत. नंतरचा ओरखडा नक्षी आणि सपाट भाग दोन्ही कापत जातो आणि त्याच्या कडेला धातू वर आलेला असतो. दहापटीच्या भिंगाखाली, एकाच दिव्यासमोर नाणं तिरकं फिरवत बघा.

तसंच, विक्रीला असलेल्या दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच टोचा दिसला तर दोन्ही खोटी समजा. अस्सल नाण्यावरून ठसा बनवला की त्याच्या जखमाही प्रत्येक नकलेवर उतरतात. प्रत्येक दोष मात्र संशयास्पद नसतो: 1800च्या एका प्रकारात ठशावरच्या दोषामुळे 'अमेरिका'नंतर इंग्रजी 'आय'सारखी उभी रेघ उठते आणि संग्राहक तोच प्रकार मुद्दाम शोधतात.

रंगाकडेही लक्ष द्या. मध्यम झिजलेलं नाणं राखाडी असायला हवं. खोलगट भाग गडद, उंच भाग फिकट. नाण्यावरच्या स्त्रीच्या केसांचे बारकावे पुसले गेलेत आणि तरी नाणं पांढरंशुभ्र चमकतंय, म्हणजे कोणीतरी ते घासलंय. वरच्या काठाजवळ बुजवलेलं भोक असेल तर ते एके काळी गळ्यात लटकवलेलं होतं. मात्र 1795च्या काही नाण्यांच्या मधोमध चांदीची गोल खुंटी दिसते, ती टाकसाळीनेच हलक्या चकतीचं वजन भरून काढायला बसवलेली आहे आणि तिने किंमत वाढते.

पहिलं नाणं तपासणी करणाऱ्या कंपनीने प्रमाणित केलेलं, सीलबंद डबीतलंच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. डब्याही नकली निघतात, म्हणून क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडा. कानशीच्या रेघा इथे बोटांच्या ठशांसारख्या उपयोगी पडतात. लेबलवर 'डीटेल्स' असेल तर नाणं घासलेलं, दुरुस्त केलेलं किंवा इजा झालेलं आहे. ते स्वस्त मिळतं आणि विकतानाही स्वस्तच जातं.

नाणं भारतात आणायचं असेल तर तपासणीचं हे काम आणण्याआधीच उरका. 1972च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष ठरतं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, मग तपासणीसाठी का असेना.