परतल्यावर खटकणाऱ्या गोष्टी

प्रश्न : काही महिने परदेशात राहून मी नुकतीच परतले. तिथे भाषा येत नसल्यामुळे साध्या कामासाठीही दुसऱ्याचे तोंड बघावे लागे. आता घरी सगळे सुरळीत असूनही मन रमत नाही आणि आपल्याला किती गोष्टी आयत्या मिळाल्या आहेत, हे सारखे जाणवते. बोलून दाखवले, तर घरच्यांना तो तोरा वाटतो. ही अवस्था तात्पुरती असते का?

उत्तर : मन न रमणे बहुधा तात्पुरते असते. परक्या देशात रुळताना येतो तसाच चढउतार मायदेशी परतल्यावर पुन्हा येतो, असे गलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच मांडले होते. जाताना आपण मनाची तयारी करतो, परतताना तिची गरजच वाटत नाही.

आयत्या मिळालेल्या गोष्टींची जाणीव मात्र इतक्या लवकर विरू नये, असे मला वाटते. घरी आपली भाषा, उच्चार, आडनाव आणि ओळखीपाळखी आपली निम्मी कामे परस्पर उरकत असतात, म्हणून त्यांचे अस्तित्वच लक्षात येत नाही. परदेशात खिडकीपलीकडचा कर्मचारी आपले वाक्य पुरे होण्याआधीच ‘पुढचा’ म्हणून हात हलवतो, तेव्हा घरी आपले म्हणणे ऐकून घेतले जात होते ते केवळ आपल्या हुशारीमुळे नव्हे, हे उमगते. आपल्याच देशात रोज असा हात पाहणारी माणसे आहेत. फक्त त्या रांगेत आपण नसतो.

तरीही तुमच्या अडचणीला परतीची तारीख होती, हे विसरू नका. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या १९२० च्या पॅरिस परिषदेने पासपोर्टचा एकसारखा नमुना सुचवला. पण कोणताच देश ज्यांना आपले मानत नव्हता, त्या रशियन निर्वासितांसाठी दोनच वर्षांनी ‘नान्सेन पासपोर्ट’ (राष्ट्रसंघाचे निर्वासितविषयक उच्चायुक्त नान्सेन यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रवासाचा दाखला) काढावा लागला. व्हिसासाठी ताटकळणे आणि परतायला देशच नसणे यांत फार अंतर आहे. मुळात प्रवासाला पैसा, रजा आणि कागदपत्रे लागतात, त्यामुळे ही जाणीवसुद्धा सवलतीतूनच आलेली असते. (ती सर्वांनाच होते असेही नाही, कित्येक जण केवळ रस्त्यांच्या स्वच्छतेची तुलना घेऊन परततात.)

घरच्यांचे म्हणाल, तर ‘तिकडे असे नसते’ या वाक्यात त्यांना स्वतःवरची टीका ऐकू येते. त्याऐवजी न वाचता येणारा अर्ज हातात धरून, कोणाला विचारावे हे न कळल्यामुळे तुम्ही खोळंबून राहिलात, असा एखादा प्रसंग त्यांना सांगा. तशी फजिती बहुधा त्यांनीही कुठल्या तरी कार्यालयात अनुभवलेली असेल.