निळ्या घोड्याचं देणं

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोगलगायीच्या चित्रपुस्तकाची बाराही पानं मिळाली. दोन दिवस टेबलावर मांडून ठेवली होती, येता-जाता पाहत होतो. पतंगाचा कागद रंगवून, फाडून, चिकटवून तू आणलेले पोत सुरेख आहेत. रंगवलेले कागद कापून-चिकटवून मुलांची चित्रपुस्तकं करणारा एरिक कार्ल, त्याच्यासारखं जमलंय का, असं तू विचारलं आहेस. जमलंय. इतकं जमलंय की ही गोगलगाय नेमकी कुणाची, असं मला वाटू लागलं. म्हणून हे लांबलचक पत्र.

कार्लचे रंग कुठून आले ते आधी ऐक. जन्म 1929 चा, अमेरिकेतला. सहा वर्षांचा असताना आईवडील त्याला घेऊन जर्मनीत, श्टुटगार्टला परतले. वडील त्याला रानात हिंडवायचे. दगड उचलून, झाडाची साल बाजूला करून खालचे किडे दाखवायचे आणि जीव पुन्हा त्याच्या घरी अलगद ठेवून द्यायचे. मग युद्ध आलं. वडील सैन्यात गेले, रशियनांच्या कैदेत पडले आणि 1947 मध्ये परतले ते खंगून. विमानातून दिसू नयेत म्हणून गावातली घरं करड्या, मातकट रंगांनी माखलेली होती. अशा दिवसांत फ्रिट्झ क्राउस नावाच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी शाळकरी एरिकला घरी बोलावलं आणि लपवून ठेवलेल्या चित्रांच्या प्रती त्याच्यापुढे ठेवल्या. पिकासो, मातीस, क्ले, फ्रांत्स मार्क. नाझींनी 'विकृत' ठरवून बंदी घातलेली ही कला. ती मुलाला दाखवणं शिक्षकाच्या अंगाशी येऊ शकलं असतं. पोराला तर धक्काच बसला. मार्कचा घोडा, आणि तो निळा!

मी इतकी वर्षं शिकवलं, पण या प्रसंगापाशी आजही थबकतो. कारण पुढे काय झालं बघ. कार्ल मार्कसारखे घोडे काढत बसला नाही. 1952 मध्ये खिशात 40 डॉलर घेऊन तो न्यूयॉर्कला आला, वर्तमानपत्रात आणि मग जाहिरातींत काम करू लागला. त्याने एका जाहिरातीसाठी केलेला लाल शेवंड बिल मार्टिन या लेखकाच्या नजरेस पडला आणि 1967 मध्ये त्याच्याकडे मुलांचं पहिलं पुस्तक आलं. निळा घोडा त्यातही आहे! पण तो कापलेल्या, चिकटवलेल्या कागदाचा, लहान मुलाच्या नजरेला भिडणारा. त्या शिक्षकाच्या घरी पाहिलेल्या घोड्याचं ऋण त्याने उघडपणे मान्य केलं ते 2011 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकाराचं एक पुस्तक त्याने केलं आणि त्यात मार्कची ओळखही करून दिली. मार्कने निळा घोडा रंगवला होता 1911 मध्ये. मध्ये बरोबर शंभर वर्षं गेली.

आता कार्लच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' या पुस्तकातल्या, फळं पोखरत जाणाऱ्या खादाड सुरवंटाकडे ये. तुझ्या पानांवर त्याचीच सावली आहे. तू त्याचा कागद उचललास, भोक मात्र पाहिलं नाहीस. कार्ल एकदा कागदांच्या गठ्ठ्याला पंच मारत होता. त्या भोकांवरून त्याला पुस्तक पोखरणारी अळी सुचली. संपादक ॲन बेनेड्यूस यांना अळी काही पटेना. त्यांनी सुरवंट सुचवला आणि कार्लला लगेच फुलपाखरू दिसलं. भोकं पाडलेली, कमी-जास्त रुंदीची पानं अमेरिकेत परवडेल अशा खर्चात छापून मिळेनात, म्हणून 1969 मध्ये पुस्तक छापलं गेलं जपानमध्ये. एका भोकासाठी एवढी यातायात! ते पुस्तक एखाद्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन बघ. ते आधी बोट घालतं. बोट सफरचंदातून आत जातं, पान उलटतं, आणि सुरवंट कुठून गेला ते त्याला सांगावं लागत नाही. एक सफरचंद म्हणून पान अरुंद, पाच संत्री म्हणून रुंद. मोजणं शिकवलेलं नाही, ते पानाच्या मापातच आहे. घर सोडून शाळेत जाणाऱ्या मुलाची भीती कमी व्हावी, हातात खेळणंही असावं आणि पुस्तकही, हे कार्लच्या मनात होतं. कागद त्यानंतरचा.

(फुलपाखरू ज्यातून निघतं त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे आणि कार्लने पतंगाच्या कोशाचा शब्द वापरला, म्हणून त्याला बरंच ऐकावं लागलं. मराठीत दोन्हींना कोशच म्हणतात. आपल्या भाषेने त्याला सांभाळून घेतलं असतं, या विचाराने मला फार बरं वाटतं.)

तर तुझी गोगलगाय. ती वाचणाऱ्या मुलाच्या बोटाने काय करायचं? तिचं चालणं इतकं सावकाश, मग तुझी सगळी पानं एकाच वेगाने का उलटतात? तिचा चकाकता माग पाचव्या पानावर तू किती छान काढला आहेस, आणि सहाव्यावर तो तुटतो. तो तुटू देऊ नकोस. तो माग कार्लचा नाही, तुझा आहे. पावसात ओट्याच्या कडेला बसून तू तो पाहिला असशील, हे चित्रावरूनच कळतं.

रंगवलेला कागद थोडे दिवस कपाटात राहू दे. साध्या कागदाची, हातात मावेल एवढी बारा पानांची डमी, म्हणजे कच्ची नमुना-पुस्तिका, शिव, पेन्सिलीने काढ, आणि तुझ्या शेजारच्या त्या छोटीला दे. तू काही बोलू नकोस, तिची बोटं कुठे जातात तेवढं बघ. येत्या रविवारी ती डमी घेऊन ये, चुरगळलेली असली तरी चालेल. मीही मार्कच्या चित्रांचं पुस्तक काढून ठेवतो.

तुझे सर